हरकती शेवटी जोडाव्यात

आमच्या मॅडम वर्गात काकडी खायच्या. चोरून नव्हे, अगदी राजरोस. स्टीलचा चपटा डबा, त्यात काकडीच्या जाड चकत्या, थंडीच्या दिवसांत त्यांच्या जागी गाजर. आपण पुढे उभं राहून आपला निबंध वाचायचा आणि त्यांनी शेवटच्या बाकावर बसून, खिडकीबाहेर बघत, चावत चावत तो ऐकायचा. कचकच, कचकच. आवाज चालू आहे तोवर आपण सुखरूप. एखाद्या वाक्याशी तो थांबला की मेलो. त्या सहसा काही बोलायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. मग आपण एक वाक्य मागे जायचं, ते पुन्हा वाचायचं आणि त्यात कुठे फेकाफेकी केली आहे ते आपलं आपण शोधायचं. सापडलं, खोडलं, की कचकच पुन्हा सुरू.

मी डोंबिवलीतल्या कॉलेजात समाजशास्त्रात एम.ए. करत होते आणि मॅडम आम्हाला संशोधन पद्धती शिकवायच्या. हा पेपर म्हणजे पाठांतराचा, असा सगळीकडे समज. व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे. गाईड आणायचं आणि आदल्या आठवड्यात घोकायचं. पण आमच्या एका सीनियरने पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये सावध केलं.

"बाकी सगळे ठीक आहेत, पण ही मॅडम जाम डेंजर आहे हां. तिच्यासमोर 'लोक' हा शब्दच काढायचा नाही. मागच्या वर्षी मी बोललेलो, लोकांना असं वाटतं म्हणून. तर बोलली, कोण लोक? नावं सांग. तीन नावं सांगितली यार, त्यातला तिसरा मीच होतो."

पहिल्या तासाला त्या आल्या. चांगल्या उंच, सुती साडी, खांद्याला दोन पिशव्या आणि पायात पुरुषी सँडल. टेबलखुर्चीकडे ढुंकूनही न बघता थेट मागच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून म्हणाल्या, "तुम्ही राहता त्या इमारतीच्या जिन्यावर एक पान लिहा."

आम्ही लिहिलं. मग एकेकाने उठून वाचलं. पहिलीचं पहिलं वाक्य होतं, 'मानवी जीवनात जिन्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' दुसऱ्याचंही तेच. तिसरीने जीवनाच्या आधी 'आजच्या धकाधकीच्या' घातलं होतं, एवढाच फरक. शाळेपासून आमचे हात त्याच वळणाने जायचे. पाणी असो, वृत्तपत्र असो, गुरू असो, सगळ्याला महत्त्व अनन्यसाधारणच. पाचव्या मुलापर्यंत सगळा वर्ग कोरसमध्ये 'अनन्यसाधारण' म्हणायला लागला आणि हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. समोर डबा उघडा होता, पण तोंड बंद.

"तुमच्या जिन्यावर चपला कुणाच्या दाराबाहेर असतात आणि कुणाच्या आत?" त्यांनी विचारलं. "चढताना मध्येच कोण थांबतं? कितव्या मजल्यावर?"

आम्ही वह्यांत डोकं खुपसलं.

"रोज ज्या जिन्यावरून येता-जाता, त्याच्याबद्दल तुम्हाला एवढंच ठाऊक आहे की त्याला महत्त्व आहे," त्या म्हणाल्या. "घरी जा. जिन्यावर बसा."

बसलो. मी कोपरला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून राहिले, तर शेजारणीने आईला येऊन विचारलं, "भांडण झालंय का गं घरात?" पण मला एक गोष्ट दिसली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन वर जाताना रोज आमच्या दारापाशी थांबतात आणि आईशी दोन शब्द बोलतात. मी मोठ्या खुशीत लिहून नेलं की काकूंच्या घरी त्यांच्याशी कोणी बोलत नसावं, म्हणून त्या इथे मन मोकळं करतात. 'नसावं'ला कचकच थांबली.

"विचारलंस?"

"नाही, मॅडम."

"मग खोड, नाही तर विचार."

मी विचारलं. काकू म्हणाल्या, "अगं, गुडघा दुखतो माझा. दुसऱ्या मजल्यावर एक दम खाते. आता तुझी आई दारात असतेच, तर काय तोंड फिरवून उभी राहू?"

माझं सगळं समाजशास्त्र त्या गुडघ्यावर आपटलं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि दुसरी चकती उचलली.

पण त्यांचा खरा नियम पुढेच होता, आणि तो मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात ऐकलेला नाही. ज्यांच्यावर लिहिलं असेल त्यांना समोर बसवून ते वाचून दाखवायचं. सबंध. आणि त्यांच्या हरकती, त्यांच्याच शब्दांत, निबंधाच्या शेवटी जोडायच्या. हरकती नसलेला निबंध त्या परत पाठवायच्या. म्हणायच्या, "एकही हरकत नाही? म्हणजे एक तर त्यांनी ऐकलं नाही, नाही तर तू भरभर वाचलंस."

मी आमच्या सोसायटीच्या गेटजवळ संध्याकाळी बाकावर जमणाऱ्या निवृत्त मंडळींवर लिहिलं होतं. लिहिताना कोण वाचणार आहे, या थाटात लिहिलं होतं. त्यात 'निरर्थक गप्पा' असाही शब्दप्रयोग होता. आता तोच कागद घेऊन त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे सिंहाच्या गुहेत जाऊन सिंहावर निबंध वाचण्यासारखं होतं. वाचला. बँकेतून निवृत्त झालेले काका कान टवकारून ऐकत होते.

"निरर्थक?" ते म्हणाले. "आणि तुझ्या बाबांचा वीजमीटरचा घोळ कुठे सुटला? इथेच ना, ह्याच बाकावर? लिही, हरकत नंबर एक."

मग सगळ्यांनाच चेव आला. कुणाला 'वृद्ध' खटकलं, कुणाला आपण तंबाखू मळतो हे लिहिलेलं नको होतं, कारण सूनबाईला ठाऊक नव्हतं. शेवटी काका पुन्हा बोलले, या वेळी जरा हळू.

"तू लिहिलंयस की बाकाची कडेची जागा रिकामी असते, कारण तिथे ऊन लागतं. ऊन नाही गं लागत. ती आमच्या देशपांड्यांची जागा आहे. अंथरुणाला खिळलाय तो. समोरच्या गॅलरीतून त्याला आमचा बाक दिसतो. आपल्या जागेवर दुसरा कोणी बसलेला दिसला तर काय वाटेल त्याला?"

मी वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीचं दार उघडं होतं आणि आत पलंगाचा कठडा दिसत होता. त्या गॅलरीखालून मी लहानपणापासून जात-येत होते.

तो निबंध मी हरकतींसकट वर्गात वाचला तेव्हा मॅडमनी वाचून झाल्यावर तो हातात मागून घेतला आणि पुन्हा स्वतः वाचला. "ऊन कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मला वाटलं, मॅडम." त्या म्हणाल्या, "वाटतं सगळ्यांनाच. वाटल्यावर उठून दोन पावलं चालत जायचं आणि विचारायचं, एवढंच तर मी तुम्हाला वर्षभर शिकवणार आहे." खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी त्यांच्यावर फिदा झाले. इतकी वर्षं शाळा-कॉलेजात घालवली, आणि बघावं कसं ते शिकवणारं माणूस आत्ता भेटत होतं.

कॉपी पकडण्याची त्यांची तऱ्हाही न्यारीच होती. विठ्ठलवाडीचा एक मुलगा रिक्षा स्टँडवरचा सुरेख निबंध घेऊन आला. वाचून होईपर्यंत कचकच एकदाही थांबली नाही. पोरगा खूश. मॅडम म्हणाल्या, "छान आहे. तुझ्या मामेभावाने वाचला होता तेव्हाही मला आवडला होता. त्या रिक्षावाल्यांना पुन्हा एकदा जाऊन वाचून दाखव. आता त्यांच्या हरकती बदलल्या असतील." त्याला वाटलं, सुटलो. गेला, वाचला आणि हबकून परत आला. निबंधातले अर्धे रिक्षावाले आता तिथे नव्हतेच, आणि जे होते त्यांनी त्याला बसवून घेऊन मधल्या काळात काय काय झालं ते ऐकवलं. त्याचा नवा निबंध मूळच्या दुप्पट झाला. आज तो एका वर्तमानपत्रात बातमीदार आहे.

मोठ्या माणसांपुढेही मॅडमचा सूर बदलायचा नाही. एकदा बाहेरून तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी आम्हाला हॉलमध्ये गोळा करून समजावलं की कोणी विचारलं तर सांगायचं, आमच्या कॉलेजात विद्यार्थी पूर्ण समाधानी आहेत. मागून आवाज आला, "सर, किती जणांना विचारलंत?" प्राचार्य बिचारे हसून म्हणाले, "मॅडम, हे आपलं आपसातलं आहे." त्यावर मॅडम उभ्या राहिल्या. "आपसातलंच विचारते. वर्गात ज्यांच्या डोक्यावर पंखा नाही, त्यांनी हात वर करा." हॉलमध्ये हातांचं शेत उगवलं. समिती यायच्या आत पंखे बसले. प्राचार्यांनी मात्र त्यानंतर कुठल्याही सभेत बोलताना मागच्या रांगेकडे बघणं सोडून दिलं.

आता यांच्यासारख्या बाईला विभागप्रमुख करायला काय हरकत होती? हरकत एकच होती. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती. म्हणजे चालू होती, कितीतरी वर्षं चालू होती. स्टाफरूममध्ये त्यावर विनोद व्हायचे. कुणी म्हणायचं, खाडीवरचा नवा पूल पुरा होईल, पण मॅडमचा प्रबंध नाही. पूल झाला आणि विनोद जुना झाला, तरी प्रबंध सादर व्हायचा होता. मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घेतली होती आणि आता विद्यापीठाने शेवटची म्हणून सांगितलेली मुदत चालू होती. त्यात प्रबंध गेला तर डॉक्टर, विभागप्रमुखपद, निवृत्तीपूर्वीची पाच-सात वर्षं मानाची. नाही गेला तर नोंदणी रद्द, सगळं पाण्यात. प्राचार्य स्वतः म्हणायचे, "खुर्ची तुमचीच आहे मॅडम, फक्त तेवढं नावापुढे डॉक्टर लागू द्या."

प्रबंधाचा विषय होता खाडीकाठच्या मिठागरांवर काम करणाऱ्या बायका. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या. सगळी पुस्तकं सांगतात की मिठागरं बंद पडली आणि या बायकांचं काम गेलं. मॅडमना कधीतरी कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं होतं की एका गावातल्या बायकांनी मिठागर चालू असतानाच, एका हंगामात, सगळ्यांनी मिळून तिकडे जाणं सोडलं. का? या एका 'का'वर त्यांनी प्रबंध उभा केला होता. आणि इतक्या वर्षांनंतर त्यांना उत्तर मिळालं होतं. त्या हंगामात तरुण असलेल्या एका बाईने ते त्यांना सांगितलं होतं. आता ती बाई पार म्हातारी झाली होती. प्रकरण लिहून तयार होतं. राहिलं होतं ते फक्त त्यांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे तिला वाचून दाखवणं.

त्या कामाला त्यांनी मला नेलं, ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, घशामुळे. आजींना कमी ऐकू यायचं आणि मॅडमचा आवाज बारीक. माझा आवाज असा की आई म्हणते, तू कोपरला जेवायला हाक मारलीस तर दिवा स्टेशनवरून माणसं येतील. तर एका रविवारी दुपारी आम्ही मॅडमच्या ठाण्यातल्या घरून, कोपरीहून, रिक्षाने खाडीच्या बाजूला गेलो. गावाचं नाव सांगत नाही. आता तिथे गाव असं दिसतही नाही, टॉवरांच्या मधल्या फटीत थोडी घरं उरली आहेत. वाटेत मॅडम एकही शब्द बोलल्या नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. ही बाई घाबरू शकते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

आजी ओट्यावर सूप घेऊन सुकट निवडत बसल्या होत्या. मॅडमना बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलीस बाय? ही कोन, पोरगी तुजी?" मॅडम म्हणाल्या, "माझी विद्यार्थिनी. तुम्ही मला जे सांगितलंत ते मी लिहिलंय, आजी. ही तुम्हाला वाचून दाखवेल. चुकलं असेल तर सांगा."

आजी सूप घेऊन आत येऊन बसल्या आणि मी वाचायला लागले. आजींची बोटं सुपात चालत होती. कचरा एकीकडे, सुकट एकीकडे. मध्ये मध्ये मान हलवायच्या. मिठाची पाटी किती जड असायची, पायांना भेगा कशा पडायच्या, मुकादम कुठे उभा राहायचा, सगळ्याला "हां, हां" म्हणायच्या. मग त्या हंगामाचा भाग आला. आजींनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाल्या, "दार लोट गो." मी उठून दार लोटलं, परत बसले आणि आवाज थोडा खाली आणून वाचू लागले. अर्ध्या पानावर त्यांचे हात थांबले.

मला ते कळलंही नसतं, मी वाचतच गेले असते. पण मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब," त्या म्हणाल्या.

आजी सुपाकडे बघत होत्या.

"सगला खरा हाय, बाय," त्या म्हणाल्या. "मीच सांगलेला तुला. पन लिवू नको."

माझ्या तोंडून निघून गेलं, "का, आजी?"

"विचारू नकोस," मॅडम मला म्हणाल्या, इतक्या कडकपणे की मी ओशाळले. उभा जन्म 'विचारलंस?' म्हणण्यात घालवलेली ही बाई. मग त्या आजींकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नाही लिहीत."

बस्स, एवढंच बोलणं झालं. नंतर आजींनी चहा केला. मॅडमनी सूप पुढे ओढलं आणि चहा होईपर्यंत उरलेली सुकट निवडून दिली.

परतताना रस्त्यातच मॅडमच्या मार्गदर्शकांचा फोन आला. मॅडमचा फोन कायम स्पीकरवर असायचा. तो स्पीकरवरून उतरवायचा कसा ते त्यांना कधीच जमलं नाही, त्यामुळे त्यांचं खाजगी असं काही नसायचंच. सर उत्साहाने विचारत होते, झालं का वाचून, कधी देताय छापायला? मॅडमनी सांगितलं.

"अहो, पण नाव बदललंय तुम्ही," सर म्हणाले. "गावाचंही बदललंय. कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," मॅडम म्हणाल्या.

"मग तिची हरकत मागे परिशिष्टात जोडा. तुमचीच पद्धत आहे ना ती?"

"चूक आहे अशी हरकत जोडता येते, सर. लिहू नको ही हरकत कशी जोडणार? ती फक्त पाळता येते."

सरांनी समजावलं, विनवलं, शेवटी चिडले. ते प्रकरण काढलं तर प्रबंधात उरतंच काय, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. प्रश्न होता, उत्तर नव्हतं. दुसरं उत्तर शोधायला मुदत नव्हती आणि खोटं उत्तर लिहिण्याचा सवालच नव्हता. मला गप्प बसवेना. कोपरी पुलाजवळ रिक्षातून उतरल्यावर मी भर रस्त्यात त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "मॅडम, तुमची इतकी वर्षं गेलीत यात! त्या कुठे वाचणार आहेत तुमचा प्रबंध? त्यांना वाचता तरी येतं का?"

त्यांना राग आला नाही. "म्हणून तर वाचून दाखवतो ना आपण," त्या म्हणाल्या. "वर्षं माझी होती गं. गोष्ट तिची आहे."

मला तेव्हा ते पटलं नाही. रडूच यायला लागलं. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानात उसाचा रस पाजला आणि घरी पिटाळलं.

मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. विभागप्रमुखपदी त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण डॉक्टर आला. तो बिचारा त्यांच्यासमोर त्या खुर्चीत बसायला संकोचायचा, तर मॅडमनी त्याला सांगितलं, "बस रे, मी कुठे खुर्चीवर बसते?" आणि डबा घेऊन मागच्या बाकाकडे गेल्या. काही जण हळहळले, काही म्हणाले, नाही तरी पूर्ण होणारच नव्हता. असं म्हणणाऱ्यांना त्यांनी खरं कारण कधीच सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर त्या आजींचं काहीतरी सांगावं लागलं असतं. आपली हुशारी सिद्ध करायला सगळं हाताशी असताना वर्षानुवर्षं आळशी म्हणवून घेणं म्हणजे काय, याचा मी अजूनही विचार करते आणि अजूनही थक्क होते. माझ्याच्याने ते एक आठवडासुद्धा झालं नसतं.

त्यांच्या निरोपसमारंभाला आम्ही जुने विद्यार्थी मागच्या रांगा अडवून बसलो होतो. प्राचार्य भाषणाला उठले. "महाविद्यालयाच्या जडणघडणीत मॅडमना," ते म्हणाले, आणि पुढचे दोन शब्द हॉलच्या मागच्या अर्ध्या भागाने एका सुरात पूर्ण केले. प्राचार्यांना वाटलं, केवढं हे प्रेम. ते गहिवरले. मॅडमच्या हातात वेफर्सची बशी होती आणि त्या हसू दाबत जमिनीकडे बघत होत्या.

मी आता ठाण्यात एका कंपनीत लोकांना बिस्किटांबद्दल प्रश्न विचारते. 'लोकांना' लिहिलं आणि हात थबकला, पण असू दे, नावं आहेत माझ्याकडे. अहवाल तयार झाला की मी मीटिंगमध्ये विचारते, ज्या बायकांना प्रश्न विचारले, त्यांना हे वाचून दाखवलं का? सगळे माझ्याकडे मला वेड लागल्यासारखं बघतात. मला ते बघणं ओळखीचं आहे, मी स्टाफरूमच्या दारातून पाहिलेलं आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर अर्थातच ते वाचून दाखवणं आलं. मी कोपरीला मॅडमच्या घरी गेले. आता त्यांना कवळी बसली आहे, त्यामुळे काकडी किसून, दही घालून, वाटीत. आवाज येत नाही. वाचताना मला सारखं मान वर करून त्यांच्या जबड्याकडे बघावं लागत होतं.

हरकती निघाल्या. त्यांचं नाव मी लिहिलं होतं, ते काढायला लावलं, कॉलेजचंही. आपण उंच नव्हतो, तुम्ही सगळे बसलेले असायचात, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्य वाईट नव्हते, पंख्यांचे पैसे त्यांनी कुणाकुणाच्या पाया पडून आणले होते, तेही लिही. रस पाजला नव्हता, पन्हं होतं. या चारही हरकती इथे जोडल्या आहेत. रसाच्या बाबतीत मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

वर, आजींचे हात थांबले तिथे, आणखी एक परिच्छेद होता. आजींनी काय सांगितलं होतं, त्या हंगामात मिठागरावर काय झालं आणि बायकांनी तिकडे जाणं का सोडलं, ते मी लिहिलं होतं. आजी जाऊन आता काही वर्षं झाली आहेत. तो परिच्छेद मला फार चांगला उतरला होता. खरं तर त्याच्यासाठीच हा सगळा लेख लिहायला घेतला होता. जगाला कळू दे, असं मला वाटत होतं, की माझ्या मॅडमनी काय शोधून काढलं होतं.

मी तो वाचायला लागले आणि मान वर केली. चमचा वाटीत होता. जबडा हलत नव्हता.

मी एक वाक्य मागे गेले. पुन्हा वाचलं. त्यात काही खोटं नव्हतं. मला माहीत होतं की खोटं नाही.

"आजी गेल्या ना, मॅडम," मी म्हटलं. "आता हरकत कोण घेणार?"

"घेऊन झाली आहे तिची," त्या म्हणाल्या. "ती मागे घ्यायला आता ती येणार आहे का?"

मी पेन काढलं. त्यांच्यासमोरच त्या परिच्छेदावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, कागद उलटा करून पाहिलं की पाठीमागून काही वाचता येत नाही, आणि वरच्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. आजींचे हात थांबले. मॅडम म्हणाल्या, थांब. सगला खरा हाय, बाय. चमचा उचलला गेला. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले, तोवर वाटी रिकामी झाली होती.